धावपट्टीवर एवढे दिवे असूनही पायलट रात्री कसे फसतात?

तुमचा प्रश्न असा की, रात्री धावपट्टी दिव्यांनी लखलखत असते, मग अनुभवी पायलटलासुद्धा दृष्टिभ्रम होतो तो कसा, आणि चष्मा नसलेल्यालाही होतो का?

मी पायलट नव्हे. हवाई दलात इलेक्ट्रिशियन होतो. रनवेचे दिवे बदलणं, त्यांचे कोन तपासणं यातच निम्मी नोकरी गेली. आता बेळगाव तालुक्यात शेती बघतो. तेव्हा उत्तर दिव्यांच्या बाजूनं देतो: बऱ्याचदा माणूस फसतो तो दिव्यांमुळेच.

ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवली असेल तर हे लगेच कळेल. एकदा बागलकोट रोडवर मी एका ट्रकच्या मागं अडकलो होतो. समोरून एकच दिवा येत होता. शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, "मोटरसायकल हाय, घाल गाडी पुढं." घातली असती तर हे लिहायला उरलो नसतो. तो होता उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, एक हेडलाइट गेलेला, आणि आम्हाला वाटलं त्याच्या निम्म्या अंतरावर. दिवसा आपण अंतर मोजतो ते मधल्या झाडांवरून, खांबांवरून, माणसांवरून. रात्री मधलं सगळं पुसलं जातं आणि उरतो एक ठिपका. मग मेंदू त्याला आपल्या ओळखीचं माप लावतो, तेही न विचारता.

विमान उतरवताना नेमकं हेच होतं. धावपट्टीच्या अलीकडे जंगल, पाणी किंवा नुसतं माळरान असेल तर पायलटला काळ्याकुट्ट खड्ड्यापलीकडं दिव्यांची एक चौकट तेवढी दिसते. पायलट लोक याला 'ब्लॅक होल' म्हणतात. खानापूर-जांबोटीच्या जंगलावरून किंवा हिडकल धरणाच्या पाण्यावरून रात्री विमान जात असेल तर खिडकीतून खाली बघा, म्हणजे तो काळोख कसा असतो ते कळेल.

आता यात फसवणूक कुठं आहे? उंचावरून बघितली की धावपट्टी लांब, उभट दिसते. खालून बघितली की चपटी. नीट उतरायचं तर विमान साधारण तीन अंशाच्या सरळ उतारावरून यायला हवं, आणि तसं आलं तर जवळ येता येता ती चौकट डोळ्यांपुढं मोठी मोठी होत जायला हवी. पण अंधारात दुसरी कसलीच खूण नसते, म्हणून पायलट नकळत ती चौकट सुरुवातीला दिसली तेवढ्याच कोनात दिसत राहील असं विमान आणतो. त्याला वाटतं आपण सरळ येतोय. प्रत्यक्षात वाट पोटात खाली झुकलेली असते, वाळत घालायच्या दोरीला झोळ पडतो तशी. त्या झोळाचा तळ धावपट्टीच्या अलीकडे जमिनीला टेकू शकतो. बोइंगचे कॉनराड क्राफ्ट यांनी १९६० च्या दशकात सिम्युलेटरवर मुरलेल्या पायलटांना अशा काळोखातून नुसत्या नजरेवर उतरायला लावलं, तर तेही फार खाली आले. धावपट्टीमागं चढावर वसलेलं गाव असलं, की त्याच्या दिव्यांमुळं हा घोटाळा आणखी वाढतो.

अरुंद धावपट्टीचंही असंच. सवयीपेक्षा अरुंद दिसली की वाटतं आपण फार वर आहोत, आणि माणूस विमान खाली घेतो. चढाच्या धावपट्टीवरही तेच.

दुसरा भ्रम तुम्ही घरबसल्या करून बघू शकता. अमावास्येच्या आसपास शेतात जा, एकटी पडलेली एखादी चांदणी निवडा आणि पापणी न हलवता तिच्याकडं बघत राहा. थोड्याच वेळात ती सरकू लागेल. लहानपणी आम्ही याला भुताची चांदणी म्हणायचो. आकाशात ही चांदणी म्हणजे समोरून येणारं विमान वाटू शकतं. जानेवारी २०११ मध्ये टोरांटोहून झुरिकला निघालेल्या एअर कॅनडाच्या विमानात डुलकीतून उठलेल्या सहवैमानिकाला शुक्र दिसला आणि ते विमान वाटलं. मग समोरून, खालच्या उंचीवरून येणारं खरं विमान दिसल्यावर ते वरून आपल्याच अंगावर येतंय असं समजून त्यानं विमानाचं नाक खाली दाबलं. पट्टा न बांधलेले लोक आपटले, सोळाजण जखमी झाले.

चष्म्याचा याच्याशी फारसा संबंध नाही. अंधाराला सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो, आणि सरावला तरी नजरेचा नेमका मधला भाग मंद उजेडात आंधळाच असतो. कृत्तिकांचा झुमका सरळ बघण्यापेक्षा जरा बाजूला बघितला की जास्त चांदण्या दिसतात, ते यामुळंच.

तिसरी गोष्ट डोळ्यांपेक्षा कानाची आहे, पण रात्रीच जीवावर उठते. तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आत असतं, आणि वेग वाढणं आणि विमानाचं नाक वर होणं यातला फरक त्याला कळत नाही. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. काळोख्या समुद्रावर ते तरी काय सुधारणार? १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं जंबो, 'एम्परर अशोक', किनारा ओलांडून काळोखात गेलं. कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र बिघडून विमान उजवीकडं कललेलंच दाखवत राहिलं. बाहेर क्षितिज नसल्यानं ही चूक ना डोळ्यांना कळली ना कानाला; तो सरळ करायला म्हणून डावीकडं वळवत गेला आणि विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. सहवैमानिकाचं यंत्र ठीक चालत होतं.

आमचे आजोबा सांगायचे, रानात चकवा लागला की चालू नये, आहे तिथं बसून तंबाखू मळावी, उजाडायची वाट बघावी. पायलटची ही सोय नाही. त्याला अंग काय सांगतं ते बाजूला ठेवून यंत्रं वाचायला शिकवतात, एकावर भागत नाही म्हणून दुसऱ्याशी पडताळायलाही. आणि उतरताना मदतीला असतो आमचा 'पापी'. होय, इंग्रजी आद्याक्षरांचं नावच तसं आहे, आणि आम्ही त्यावर पोटभर विनोद केलेत. धावपट्टीच्या बहुधा डाव्या अंगाला चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे दोन लाल दिसले तर उतार बरोबर. चारही पांढरे, तर तुम्ही फार वर. चारही लाल, तर फार खाली, तोंड वर करा.

फक्त पहाटे काचांवर दव बसलं की लाल-पांढरं मिसळून गुलाबी दिसायला लागतं. मग टॉवरवरून फोन यायचा आणि आम्ही फडकी घेऊन पळायचो.