वाचक विचारतात : बंद दारांआड काय चालायचे?

प्रश्न : पुण्यातल्या एका व्याख्यानात ऐकले, की सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांत गुप्त दीक्षा होती आणि चर्चने ती पुढे दडपली. आपल्याकडे गुरू अनुग्रह देतात, तसेच का हे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. एक गुप्तता खुद्द चर्चनेच पाळली, आणि तिचा तपशील भरपूर मिळतो.

चौथ्या शतकातल्या जेरुसलेमचे पाहा. दीक्षार्थीला (बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याला) मिस्सा या सामूहिक उपासनेतले वाचन आणि प्रवचन ऐकता येई; प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या विधीआधी, त्याला बाहेर पाठवत. ईस्टरपूर्वीची शिकवणी सात आठवडे, रोज तीन तास चाले, असे एगेरिया ही यात्रेकरू (सुमारे ३८१–३८४) लिहिते. विश्वासांगीकार (श्रद्धेचा ठरलेला मजकूर) तोंडपाठ करायचा, कागदावर उतरवायचा नाही, अशी जेरुसलेमचा बिशप सिरिल याची ताकीद होती.

ईस्टरच्या रात्री पश्चिमेकडे तोंड करून, हात पुढे करून सैतानाला नाकारायचे. मग पूर्वेकडे वळून श्रद्धा उच्चारायची. कपडे उतरवून डोक्यापासून पायापर्यंत तेल, पाण्यात तीन बुड्या, नंतर सुगंधी तेलाची खूण कपाळ, कान, नाकपुड्या आणि छातीवर. लगेच पहिले प्रभुभोजन. या विधींचा अर्थ मात्र आधी सांगत नसत! तो ईस्टरनंतरच्या आठवड्यात, दारे लावून, प्रवचनांतून उलगडत, कारण ऐकण्यापेक्षा पाहिलेले जास्त पटते, असे त्या प्रवचनांतच म्हटले आहे. अशी पाच प्रवचने आज वाचायला मिळतात (सिरिलची की त्याच्यानंतरच्या बिशप योहानाची, हा वाद आहे). भाकरी घेताना उजव्या हाताखाली डावा कसा धरायचा, इथवर त्यांत सांगितले आहे. आत इतका जल्लोष होई की तो चर्चबाहेर ऐकू जाई, असेही एगेरिया सांगते.

तेव्हा अनुग्रहाशी तुलना अर्धीच जमते. निवडक शिष्य इथे नाहीत. बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाला सगळे मिळे. शिवाय सुमारे १५५ साली जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाचे वर्णन थेट रोमन सम्राटाला उद्देशून लिहिले. म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळे कडीकुलपात होते, हे टिकत नाही.

दुसरी गोष्ट नॉस्टिक पंथांची, म्हणजे गूढ ज्ञानातून मुक्ती मिळते असे मानणाऱ्या सुरुवातीच्या गटांची. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या ग्रंथांपैकी फिलिपच्या शुभवर्तमानात पाच विधी येतात : बाप्तिस्मा, तैलाभिषेक, प्रभुभोजन, मुक्ती आणि वधूकक्ष. पण वधूकक्षात काय करायचे, याची कृती तिथे नाही. कुणी त्याच्या पायऱ्या क्रमवार शिकवत असेल, तर ते त्याच्या पदरचे. त्यांचा विरोधक, बिशप इरेनियस (सुमारे १८०) नोंदवतो की त्यांच्यातले काही जण डोक्यावर तेल-पाणी एकत्र ओतत, तर काहींना विधीच नको असत. ‘मार्कच्या गुप्त शुभवर्तमाना’वर तर काहीच उभारू नका, कारण त्याची माहिती ज्या एका पत्रातून मिळते, ते १९५८ साली जेरुसलेमजवळच्या मार साबा मठात मिळालेले पत्र खरे की बनावट, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

प्रश्न : यातले आज पुण्यात काही पाहता येईल?

उत्तर : हो. ईस्टरच्या आदल्या रात्रीची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये पाहा. सुरुवातीलाच पोहोचा, कारण अंधारात नव्या अग्नीवर मेणबत्ती पेटवतात आणि उशिरा आलेल्याचे नेमके तेच हुकते. पुढे सैतानाला नाकारण्याचे प्रश्न येतात आणि सारी मंडळी उत्तरे देते. प्रभुभोजनाच्या रांगेत बाप्तिस्मा न घेतलेल्यांनी उभे राहू नये. जागेवर बसून राहिले तरी चालते.