फळवटवाघूळ आणि त्वचेवरचा जीवाणू, तुलना करायची तरी कशी?

तुमच्या मुलीला वर्गात दोन सजीवांची तुलना लिहायला दोन चिठ्ठ्या आल्या, एकीवर मोठं भारतीय फळवटवाघूळ आणि दुसरीवर आपल्या कातडीवरचा जीवाणू, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस; ती कशी लिहायची, हा तुमचा प्रश्न. आकारात फार अडकू नका. पंख पसरल्यावर मीटरभराहून मोठं भरणारं वटवाघूळ आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा जीवाणू, हे एका ओळीत उरकतं. एकाच्या पेशींत केंद्रक, दुसरा म्हणजे बिनकेंद्रकाची एकटी पेशी, हेही तसंच. (डीएनए दोघांतही असतो, तेवढं साम्य लिहाच.)

खरी गंमत पिलावळीत आहे. वटवाघळाची मादी पाचेक महिने गर्भ वाढवते, वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते आणि सुरुवातीला ते पोटाशी धरूनच उडते. जीवाणूला जोडीदार लागत नाही. प्रयोगशाळेत पोटभर खाद्य मिळालं की तासाभराच्या आत एकाचे दोन होतात. कातडीवर ही घाई नसते. तरी हात खसाखसा धुवा, मंडळी पुन्हा हजर. उलट वटवाघळांची वसाहत असलेला वड पाडला तर ती संख्या भरून यायला वर्षं जातात. आणि हेच प्राणी १९७२च्या वन्यजीव कायद्यात, थेट २०२२च्या दुरुस्तीपर्यंत, उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवींच्या यादीत होते!

जीवाणूला स्वतःहून हलता येत नाही, स्पर्शातून तो इकडचा तिकडे जातो. वटवाघूळ रात्रीत कित्येक किलोमीटर फिरतं. फळ चावून रस गिळतं आणि चोथ्याची चपटी गोळी थुंकतं. बारीक बिया मात्र पोटातून लांबवर जाऊन पडतात.

रोगांचा रकाना जपून भरा. एपिडर्मिडिस एरवी निमूट असतो. पण शिरेत घातलेल्या नळीवर किंवा हृदयाच्या कृत्रिम झडपेवर बसला की चिकट थर करतो आणि औषधाला दाद देत नाही. तिथे आजार तोच करतो. वटवाघळाचं तसं नाही. निपाह विषाणू त्याच्या अंगात राहतो, त्याला स्वतःला काही होत नाही; केरळमधल्या २०१८च्या साथीचा माग याच वटवाघळांपर्यंत गेला. म्हणजे आजार विषाणूचा, वटवाघूळ त्याचं घर. ‘दोघेही रोग पसरवतात’ एवढंच लिहून कुणी वही दिली तर मी तरी गुण कापेन.