कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू घासू नका, आणि मावशींना अडवू नका

तुमचा प्रश्न असा आहे की बाजारातली केमिकल्स न आणता लिंबू, व्हिनेगर आणि खायच्या सोड्याने घर स्वच्छ ठेवता येतं का. कामाला येणाऱ्या मावशी अजून तांब्या-पितळेला चिंच लावतात, कढईसाठी राख मागतात, तर त्यांना ते थांबवायला सांगून व्हिडिओत दाखवतात तसं व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून वापरायला लावू का, असंही तुम्ही विचारलंय.

नका लावू. मावशींचं बरोबर आहे, व्हिडिओचं चूक आहे.

व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. दोघं एकत्र आले की फसफसतात, आणि तो फेस पाहून लोकांना वाटतं काहीतरी जबरदस्त काम चाललंय. फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. तो उडून गेला की खाली उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, ज्याने ना तेलकटपणा जातो ना क्षार. दुकानातल्या व्हिनेगरमध्ये जेमतेम 4-5 टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असतं. चहाचा एक चमचा सोडा, म्हणजे अंदाजे 5 ग्रॅम, त्यातलं 70 मिलीच्या आसपास व्हिनेगर मारून टाकतो. म्हणजे दोन कामाच्या वस्तू घेऊन तुम्ही एक बिनकामाची करता. वेगवेगळ्या वापरल्या तर दोन्ही उत्तम.

आता मुख्य गोष्ट. तुमचा ओटा कशाचा आहे हे तुम्ही लिहिलेलंच नाही. ग्रॅनाइटचा असेल तर फार चिंता नाही. पण जुन्या घरात राहत असाल आणि ओटा कडप्प्याचा, फरशी शहाबादी किंवा मोझॅकची असेल, तर पुढचं नीट वाचा. यावरून माझ्या आईला चोर ठरवल्यासारखं वागवलं गेलंय, म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

माझी आई पुण्यात पेठांमध्ये धुणी-भांडी करायची. मूळची बार्शीकडची. सकाळी एका वाड्यापासून सुरू करून दुपारपर्यंत तिची घरं संपायची. आम्ही भावंडं सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जायचो, मी भांडी विसळायला आणि भाऊ पाणी भरायला. त्यामुळे मी जे सांगतेय ते ऐकीव नाही.

तिच्याकडे प्रत्येक घराचं वेगळं शास्त्र होतं. ज्यांच्याकडे बंब पेटायचा तिथली राख ती चाळून डब्यात भरून ठेवायची, कारण न चाळलेल्या राखेतल्या खड्याने भांड्यावर चरे पडतात. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते ओलं झालं की तेलाशी मिळून थोडा साबणच तयार होतो. काथ्याने घासलं की कढईची चिकट पुटं निघायची. तांब्या-पितळेला राख नाही, चिंच. चिंच भिजत घालायची, तिच्या चोथ्यात मीठ घालून आधी नुसती फासून ठेवायची, मग घासायचं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, मिठाने ते काम लवकर होतं. कोकणातल्या एका घरी आमसुलं घ्यायची, तेही तितकंच चांगलं. आंबट ताक उरलं असेल तर ताम्हन-पळी त्यात बुडवून ठेवायची. चिंच लावल्यावर भांडं लगेच खळखळून धुवून कोरड्या फडक्याने पुसायचं. ओलं ठेवलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा काळं. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई असेल तर आत चिंच अजिबात नाही, कारण कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. तो घासून घासून गेला की आमटी-ताक कळकतं.

आणि दगडाला आंबट लावायचं नाही. हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं, तिला वाचता येत नव्हतं. उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या ओट्यावर चिरल्या की जिथे रस सांडतो तिथे काळ्या कडप्प्यावर पांढुरके ठिपके पडतात आणि ते घासून जात नाहीत, हे तिने घराघरांत पाहिलं होतं. म्हणून कैऱ्यांच्या दिवसांत ती ओट्यावर आधी जुनं पोतं पसरायची.

एका घरच्या वहिनींनी कुठल्याशा मासिकात वाचलं की ओटा लिंबाने आणि व्हिनेगरने पुसला की निर्जंतुक होतो आणि चकाकतो. त्यांनी आईला बाटली आणून दिली. आई म्हणाली, "वहिनी, दगडाला आंबट चालत न्हाई, डाग पडतील." वहिनी म्हणाल्या, "तुला काय कळतंय यातलं? नैसर्गिक आहे ते, खायची वस्तू आहे, तिने काय होणार?" आईने तरीही हात लावला नाही. तेव्हा वहिनींनी स्वतः ओट्यावर ओतून, वर फडकं दाबून रात्रभर ठेवलं. सकाळी आम्ही गेलो तेव्हा शेगडीपासून मोरीपर्यंत सगळा ओटा राखाडी झाला होता. बोट फिरवलं तर खरखरीत लागत होतं.

मी तिथे होते. वहिनींनी यजमानांना सांगितलं की बाईने नीट धुतलं नाही म्हणून झालं. महिन्याअखेरीला आईच्या पगारातून पैसे कापले. आईने त्या घरचं काम सोडलं नाही, कारण सोडणं परवडणारं नव्हतं. तिने खोबरेल तेलाचा हात ओट्यावर फिरवून तो काळा दिसेल असं केलं आणि दर आठवड्याला करत राहिली. तेलाने डाग लपतो, जात नाही.

अकरावीला मी सायन्स घेतलं. प्रॅक्टिकलला कार्बोनेट ओळखण्याची कसोटी शिकवली, विरल आम्ल टाकायचं, बुडबुडे आले तर कार्बोनेट. आमच्या चाळीत कुणाच्या तरी ओट्याचं काम चाललं होतं, त्यातला कडप्प्याचा कपचा मी दप्तरातून नेला आणि त्यावर आम्लाचे थेंब टाकले. फसफसला. कडप्पा म्हणजे आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून येणारा काळा चुनखडीचा दगड. शहाबादीही चुनखडीच, कोटाही. संगमरवर तेच कॅल्शियम कार्बोनेट, फक्त वेगळ्या रूपात. मोझॅकच्या फरशीत संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात, तिथे आम्ल दोघांनाही खातं. लिंबू असो, व्हिनेगर असो, चिंच असो, ते या दगडांचा वरचा गुळगुळीत थर विरघळवतं. डाग वर पडलेला नसतोच, दगडच गेलेला असतो. मग तो धुऊन कसा निघणार, आणि बाईने धुतलं नाही म्हणून कसा पडणार?

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा वहिनींना बोल लावेल. तिने विचारलं, "मग राखेनं का न्हाई व्हत तसं?" राख आम्लाच्या उलट जातीची, म्हणून दगडाला तिचा त्रास नाही, असं मी सांगितलं. त्यावर तिने पुढचा प्रश्न विचारला, की मग अ‍ॅल्युमिनियमची भांडी धुण्याच्या सोड्याने काळी का पडतात. ते मला मास्तरांना विचारून यावं लागलं. अल्कली अ‍ॅल्युमिनियमला खाते, म्हणून. अशी बाई होती ती. आणि तिला "काय कळतंय" म्हणणाऱ्या वहिनी पदवीधर होत्या.

खूप वर्षांनी एका लग्नात त्या भेटल्या. मी शिक्षिका झाले हे ऐकून कौतुक केलं आणि बोलता बोलता म्हणाल्या, "तुझ्या आईने आमचा ओटा पार घालवला होता, आठवतंय ना?" आई शेजारी उभी होती. तिने माझा हात दाबला, म्हणून मी गप्प बसले. इथे गप्प बसायचं कारण नाही. वहिनी, ओटा व्हिनेगरने गेला. माझ्या आईने तुम्हाला आधी सांगितलं होतं.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे डोक्यातून काढा. लिंबात आम्ल आहे ते आहेच, झाडावरून आलं म्हणून ते दगडाला सोडत नाही. मोत्याची नथही त्याच कॅल्शियम कार्बोनेटची, तिला लिंबू किंवा व्हिनेगर लावलंत तर मोत्यांचं पाणी जाईल. हाच गुण योग्य जागी वापरला तर सोनं आहे. बोअरच्या पाण्याने नळावर, काचेवर, शॉवरच्या जाळीवर जे पांढरे क्षार बसतात तेही कॅल्शियम कार्बोनेटच, तिथे व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, निघतील. रात्रभर ठेवू नका, नळाची चकाकी जाते. लिंबूसत्त्व किराणा दुकानात मिळतं, व्हिनेगरपेक्षा स्वस्त पडतं आणि वास येत नाही. विजेच्या किटलीत बसलेले क्षारही त्यानेच काढा. बाथरूमच्या चकचकीत टाइल्सना चालतं, त्यांच्या फटींतल्या सिमेंटला चालत नाही, म्हणून लगेच धुवा.

खायचा सोडा ओला करून फ्रीजच्या आतून पुसायला, चहाचे डाग पडलेल्या कपांना, करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी घालून उकळायला. ओट्यावरचं तेल सांडलं तर बेसन किंवा कणीक टाकून टिपा, मग भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने पुसा. कडप्प्याला रोज एवढंच पुरतं. लोखंडी तव्याला लिंबू नको, गंजेल. चांदीची निरांजनं काळी पडली असतील तर भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरून त्यावर ती ठेवा, गरम पाणी, सोडा आणि चिमूटभर मीठ घाला. काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, ते परत चांदीच होतं, रांगोळीने घासून चांदी झिजवायची गरज नाही. खडे किंवा मोती बसवलेले दागिने यात घालू नका. मुद्दाम काळी ठेवलेली नक्षी असेल तर तीही उजळेल.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. व्हिनेगर आणि लिंबू जंतुनाशक म्हणून पुरेसे नाहीत. घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील, कच्चं मटण-मासे कापले असतील, तर साबण, गरम पाणी आणि गरज असेल तिथे ब्लीचचं सौम्य पाणी वापरा, तिथे हट्ट नको. पण ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरशी व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. मावशींना हे तुम्ही स्वतः सांगा, कारण बाटल्यांवरची बारीक अक्षरं त्यांना वाचता येतीलच असं नाही. आणि रबरी हातमोजे आणून द्या. चिंच-मिठाने आणि सोड्याने भेगाळलेल्या हातांची आग रात्री झोपू देत नाही, हे मी घरात पाहिलंय.

राख आता शहरात मिळत नाही. मावशी मागत असतील तर गावाहून कुणी येणार असेल त्याला डबाभर लाकडाची राख आणायला सांगा, दगडी कोळशाची नको. नाही मिळाली तर भांड्यांचा साधा साबण द्या, त्या चालवून घेतील. चिंच मात्र संपू देऊ नका, स्वयंपाकाची वेगळी आणि जुनी काळी पडलेली भांड्यांसाठी वेगळी ठेवा.

आणि ओट्यावर आधीच पांढरट डाग पडले असतील तर फरशी पॉलिश करणारा बोलवा, तो वरचा थर घासून पुन्हा चकाकी आणतो. त्याचे पैसे तुम्ही द्यायचे. मावशींच्या पगारातून कापायचे नाहीत.