एक जेनी, तीन भाषा
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

प्रश्न : सुट्टीत आलेल्या नातवाने मोबाईलवर एका गायिकेची दोन गाणी ऐकवली. एक जर्मन होते, दुसरे स्पॅनिश टँगो. आवाज एकच, पण गाणाऱ्या बाया दोन असाव्यात असे वाटले. नाव मिल्वा असे दिसले आणि त्या मूळच्या इटालियन असल्याचे नातू म्हणाला. या बाई गायिका की नटी? त्यांच्या कारकिर्दीविषयी जरा सविस्तर लिहावे.
(एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : दोन्ही, आणि तुम्हाला जो फरक ऐकू आला तो त्या दोन्ही असल्यामुळेच आला. मिल्वा यांचे मूळ नाव मारिया इल्वा बियोल्काती. पहिल्या नावाचे डोके आणि दुसऱ्याचे शेपूट जोडून ‘मिल्वा’ झाले. इटलीत पो नदी जिथे फाटे फुटून समुद्राला मिळते, त्या त्रिभुज प्रदेशातल्या गोरो नावाच्या मासेमारीच्या गावी १७ जुलै १९३९ रोजी त्यांचा जन्म झाला. १९५९ मध्ये नव्या आवाजांसाठी घेतलेल्या एका मोठ्या स्पर्धेत त्या पहिल्या आल्या आणि दोनच वर्षांनी, १९६१ साली, सानरेमोच्या प्रसिद्ध गीतमहोत्सवात त्यांना तिसरा क्रमांक मिळाला. त्या काळच्या इटालियन वृत्तपत्रांना लोकप्रिय गायिकांना पशुपक्ष्यांची नावे देण्याची मोठी हौस होती. मीना या क्रेमोनाच्या वाघीण झाल्या, इव्हा झानिक्की या लिगोंकियोच्या गरुड, तर मिल्वा गोरोच्या पँथर. (आपण गाणाऱ्याला फार तर गंधर्व किंवा कोकिळा म्हणतो, त्यातल्या त्यात आपले बरे.) पुढे तांबड्या केसांमुळे त्यांना ‘ला रोसा’, म्हणजे लाल बाई, असेही म्हणू लागले आणि त्या लाल रंगाला त्यांच्या डाव्या राजकीय ओढीचाही अर्थ चिकटला.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या साठच्या दशकातील एक गाजलेली सिनेगीतछाप गायिका म्हणून उरल्या असत्या. त्यांची दिशा बदलली ती मिलानच्या पिक्कोलो तेआत्रो या नाट्यसंस्थेमुळे. जॉर्जिओ स्ट्रेलर आणि पाओलो ग्रास्सी यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत स्ट्रेलर हे मुख्य दिग्दर्शक होते, आणि बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराला इटलीत रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. साठच्या दशकाच्या मध्यापासून मिल्वा त्यांच्या हाताखाली ब्रेख्तची गाणी रंगमंचावर गाऊ लागल्या. १९७३ मध्ये स्ट्रेलर यांनी ‘थ्रीपेनी ऑपेरा’ नव्याने उभा केला, तेव्हा नायक मॅकी डोमेनिको मोडुन्यो झाले आणि जेनी मिल्वा झाल्या.

हे नाटक मराठी वाचकाला अनोळखी नाही. पु. ल. देशपांडे यांनी त्याचेच ‘तीन पैशांचा तमाशा’ केले आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते १९७८ मध्ये रंगमंचावर आणले. मूळ जर्मन नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमध्ये झाला. संगीत कुर्ट वाइल यांचे होते आणि जेनीच्या भूमिकेत त्यांच्या पत्नी लोटे लेन्या होत्या. जेनी ही कोठ्यावरची बाई. जो गुंड एके काळी तिचा होता, त्यालाच ती पैसे घेऊन पोलिसांच्या हवाली करते. भूमिका लांबीने मोठी नाही, पण तिच्या गाण्यात प्रेम, सूड आणि व्यवहार हे तिन्ही एकाच वेळी ऐकू आले नाहीत तर नाटकाचा कणाच मोडतो.

मिल्वा यांच्या कारकिर्दीचे मर्म मला याच भूमिकेत दिसते, कारण १९७३ साली इटालियनमध्ये केलेली हीच जेनी त्यांनी १९८६ साली पॅरिसच्या शातले नाट्यगृहात, दिग्दर्शक तेच स्ट्रेलर असताना, फ्रेंचमध्ये केली. आणि ब्रेख्तची गाणी मूळ जर्मनमधून तर त्या मैफलींत आणि ध्वनिमुद्रणांत वर्षानुवर्षे गातच होत्या. गाणे अनेक भाषांत गाणाऱ्या गायिका युरोपात पुष्कळ झाल्या. एका भाषेत चाललेल्या गाण्याची दुसऱ्या भाषेत नक्कल काढून तबकडी विकणे हा तिथला रिवाजच होता. एकच पात्र तीन भाषांत उभे करणे हे त्याहून वेगळे आणि अवघड काम आहे, कारण तिथे नुसती चाल सांभाळून भागत नाही. बाई कोण आहे हे प्रत्येक भाषेत नव्याने ठरवावे लागते.

ब्रेख्त यांनी या नाटकासंबंधीच्या टिपणांत नटांना बजावले आहे की साधे बोलणे, चढे बोलणे आणि गाणे या तीन पायऱ्या वेगळ्याच राहिल्या पाहिजेत. एकीतून दुसरी नकळत उगवता कामा नये. गाणे सुरू होताना प्रकाश बदलावा, फलक खाली यावा आणि नटाने उघडपणे गायकाची जागा घ्यावी. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला यात नवल वाटणार नाही. ऑर्गनचा सूर भरला, नट चार पावले पुढे आला, की पद येणार हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. फरक पुढे पडतो. आपल्याकडे पद आले की कथा बाजूला बसते आणि वन्समोर घेत राग रंगत जातो. ब्रेख्त यांना त्याच क्षणी प्रेक्षकाने कथेचा हिशेब मांडावा असे वाटत होते. मिल्वा यांचा खर्जाकडे झुकणारा, जरा करकरीत आवाज या कामाला नेमका बसला. त्या सुराला कुरवाळत नाहीत, शब्द पुढे ठेवतात.

बाकीचा आलेख थोडक्यात सांगतो. १९८२ मध्ये मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात लुचानो बेरिओ यांच्या ‘ला व्हेरा स्तोरिया’ या नव्या ऑपेरात, ज्याची संहिता इटालो काल्व्हिनो यांनी लिहिली होती, मिल्वा यांनी चौकात उभे राहून बॅलड गाणाऱ्या कथेकरणीची भूमिका केली. आपल्याकडे ती शाहिरालाच द्यावी लागली असती. ग्रीक संगीतकार मिकिस थिओडोराकिस यांच्या रचना त्यांनी जर्मनमध्ये गायल्या आणि त्यामुळे जर्मनीत त्यांचा हक्काचा श्रोता तयार झाला. तुम्ही ऐकलेला टँगो बहुधा आस्तोर पिआत्सोला यांच्याबरोबरचा असावा. त्या दोघांचा ‘एल टँगो’ हा कार्यक्रम १९८४ मध्ये पॅरिसच्या बुफ द्यू नोर या नाट्यगृहात झाला आणि त्याचे ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. त्यात पिआत्सोला वाजवतात ते बँडोनियन हे भात्याचे वाद्य जर्मनीत जन्मले आणि ब्युनोस आयरेसमध्ये जाऊन तिथलेच झाले. आपल्या पायपेटीचा प्रवास ज्यांना माहीत आहे त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

प्रश्न : मी आमच्या भजनी मंडळात गुजराती पदेही गाते. जन्म वडोदऱ्याचा, शेजार गुजराती, बाजारात दिवसभर गुजरातीच बोलते. तरी एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, “बहेन, सूर सरस, पण पदाला मराठी वास येतो.” मन खट्टू झाले. परदेशी गायिका पाच-सहा भाषांत गातात, त्या हे कसे साधतात?
(एक वाचक भगिनी, रावपुरा, वडोदरा)

उत्तर : ताई, परीक्षकांचे शब्द बोचरे होते, पण त्यांना काय ऐकू आले असेल याचा मला अंदाज आहे, आणि तो दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. नरसिंह मेहता यांचे ‘वैष्णव जन तो’ आपण सगळेच गातो. त्यात ‘पराई जाणे रे’ म्हणताना तुमचा ‘ज’ कोणता लागतो ते एकदा ध्वनिमुद्रित करून ऐका. मराठीत ‘ज’ दोन आहेत : ‘जीव’मधला तालव्य आणि ‘जागा’मधला दंत्य. आपल्या मराठी तोंडाला ‘जाणणे’ हा शब्द दंत्य ‘ज’चाच ठाऊक असल्यामुळे जीभ आपोआप दातांकडे जाते. प्रमाण गुजरातीत तो ‘ज’ तालव्यच हवा. गंमत अशी, की त्याच ओळीच्या आरंभी ‘जन’ म्हणताना तुमची चूक होत नसणार, कारण तिथे मराठीतही ‘ज’ तालव्यच आहे. दुसरी जागा ‘ज्ञान’ची. आपण ‘द्न्य’ म्हणतो, गुजराती माणूस ‘ग्न’ म्हणतो. तिसरी जागा सूक्ष्म आहे : गुजरातीत ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर बंद आणि उघडे असे दोन तऱ्हांचे आहेत आणि लिहिताना तो भेद सहसा दिसत नाही. परीक्षकांनी तुम्हाला ‘बहेन’ म्हटले, तो शब्दच पाहा. लिहितात ‘बहेन’, बोलताना मात्र मधला ‘ह’ विरून एक उघडा, श्वास मिसळलेला ‘ए’ उरतो. बाजारात हे सगळे खपून जाते. गाण्यात स्वर लांबतो, आणि लांबलेल्या स्वरात जिभेची जागा लपत नाही.

युरोपीय गायिकेपुढे अडचण याच जातीची असते, फक्त जागा निराळ्या. इटालियन शब्द बहुतेक स्वरान्त असतात, म्हणून त्या भाषेत सूर धरून ठेवणे सोपे जाते. ऑपेरा तिथे जन्मला यात भाषेचाही वाटा असावा असे मला नेहमी वाटते. जर्मनमध्ये शब्द व्यंजनावर येऊन आपटतात. ‘रात्र’ या अर्थाचा ‘नाख्ट’ हा शब्द घ्या : ‘आ’वर सूर शेवटच्या क्षणापर्यंत धरायचा आणि ‘ख्ट’ नेमका ठोक्यावर मिटायचा. इटालियन सवयीची जीभ ‘ट’नंतर हळूच एक स्वर सोडते, आणि तिथेच परकेपणा उघडा पडतो. फ्रेंचमध्ये याच्या उलट आहे. बोलताना शब्दाच्या शेवटचा जो ‘अ’सारखा स्वर गिळला जातो, तो गाताना पुष्कळदा सुराची एक मात्रा घेऊन पुन्हा उभा राहतो, आपण बोलताना ‘राम्’ म्हणतो आणि अभंगात ‘रामऽ’, तसेच ते आहे. आपल्याला मात्र जर्मनची एक गोष्ट फुकटात मिळते. रोमन लिपीतले शेवटचे अक्षर जर्मन माणूस आपल्या दंत्य ‘च’सारखे उच्चारतो, दिशा दाखवणारा त्यांचा छोटा शब्द ‘त्सू’ म्हणजे आपल्या चुलीतला ‘चू’ समजा.

मिल्वा यांचे उच्चार सगळीकडे निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या जर्मन गाण्यांत इटालियन वळण आणि घोळवलेला ‘र’ स्पष्ट ऐकू येतो. तरी श्रोत्यांनी ते मान्य केले, कारण कोणत्या शब्दावर वाक्याचा भार आहे हे त्या चुकवत नसत. उच्चाराचा डाग श्रोता माफ करतो. भार चुकीच्या शब्दावर पडला, की गाणाऱ्या व्यक्तीला अर्थ कळलेला नाही हे त्याला लगेच समजते आणि मग काहीच माफ होत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की पुढचे पद बसवताना पेटी आठ दिवस उघडू नका. शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या गुजराती बाईंकडून ते पद नुसते बोलून घ्या, चालीशिवाय, घरात एखादी गोष्ट सांगावी तसे. त्या कुठे थांबतात, कोणता शब्द उचलतात ते वहीत खुणेने लिहून ठेवा आणि मग सुरात या. १८८६ साली मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा सुरू केली त्या या शहरात, मराठी जिभेला गुजराती पद शिकवणारी माणसे दोन गल्ल्यांत सापडतील.

प्रश्न : इतक्या भाषांत गाणारी गायिका शेवटी कोणाची? आमच्या हिराबाई बडोदेकरांचे नाव घेतले की घराणे, भाषा, रंगभूमी सगळे एकदम डोळ्यांपुढे येते. अशा बाईंना घर कुठले?
(एक निवृत्त शिक्षक, वडोदरा)

उत्तर : तुमच्या प्रश्नातली शंका अगदीच निराधार नाही. मिल्वा यांनी सानरेमोत तब्बल पंधरा वेळा भाग घेतला आणि एकदाही पहिला क्रमांक मिळवला नाही. ब्रेख्त, टँगो आणि थिओडोराकिस गाणाऱ्या बाईंना गल्लोगल्ली गुणगुणले जाणारे गाणे देणे जमले नाही, किंवा त्यांनी ते मनावर घेतले नाही. मला दुसरे अधिक खरे वाटते. विखुरल्या जाण्याची किंमत त्यांनी मोजली. मात्र हिराबाईंचे उदाहरण तुम्हाला वाटते तितके सरळ नाही. जन्म मिरजेचा, आडनाव बडोद्याचे, गाणे किराण्याचे आणि पदे मराठी रंगभूमीची, असा तो संसार होता. आपण त्याला एक घर म्हणतो ते आपल्याला त्याची सवय झाली म्हणून. मिल्वा यांनी २०१० मध्ये रंगमंचाचा निरोप घेतला, २०१८ साली त्याच सानरेमोने त्यांना कारकिर्दीबद्दल विशेष पुरस्कार दिला, तेव्हा प्रकृतीमुळे त्या येऊ शकल्या नाहीत आणि तो त्यांच्या कन्येने स्वीकारला. २३ एप्रिल २०२१ रोजी मिलानमध्ये त्यांचे निधन झाले.

ऐकायचे असेल तर आधी १९८४ चे पॅरिसचे ध्वनिमुद्रण घ्यावे आणि त्यात गायनाइतकेच गाण्यांमधल्या बोलण्याकडेही लक्ष ठेवावे. ब्रेख्तची गाणी नंतर, आणि एकच गाणे इटालियन व जर्मन अशा दोन्ही भाषांत मिळाले तर लागोपाठ.