यंत्रं आणि कारखान्यातल्या उत्पादनामुळे सामान्य माणसाचं रोजचं आयुष्य नेमकं किती बदललं?

तुम्ही विचारलंय की पुस्तकात वाफेचं इंजिन, कापडगिरण्या, रेल्वे हे सगळं वाचलं, पण घरातल्या माणसाच्या दिवसात नक्की काय बदललं, आणि ते चांगलं झालं की वाईट. माझ्या मते आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उत्तर दळणात आहे. मुंबईत पहिली कापडगिरणी 1854 ला कावसजी दावरांनी काढली, ती मोठी गोष्ट आहेच, पण खेड्यातल्या बाईचा दिवस खऱ्या अर्थाने बदलला तो पिठाच्या गिरणीने.

आधी जातं म्हणजे काय काम होतं ते बघा. खालचा दगड घट्ट बसवलेला, वरच्याला कडेला लाकडी खुंटा, एका हाताने फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने मधल्या तोंडात मुठीमुठीने वैरण, म्हणजे दळायचं धान्य, घालायची. वैरण जास्त झाली की पीठ जाडंभरडं पडतं, कमी झाली की नुसता दगडावर दगड घासतो. आणि हे आठवड्यातून एकदा करून चालत नव्हतं, कारण ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना चिरते, बाजरीचं पीठ तर थोड्याच दिवसात कडू होतं. म्हणजे ज्वारी-बाजरी खाणाऱ्या घरात जवळजवळ रोज दळायलाच लागायचं, तेही पहाटे, कारण दिवस उजाडला की पाणी, शेण, स्वयंपाक, शेत. आजी सांगायची की बाळंतपणातून उठलेली बाईसुद्धा काही दिवसांत परत जात्यावर बसायची आणि खांदे भरून आले तरी सांगायचं कुणाला, कारण शेजारच्या घरातही तेच चाललेलं. मग वापरून वापरून दगड गुळगुळीत झाला की वडार समाजातली माणसं दारावर यायची आणि छिन्नीने त्याला टाकी लावून, म्हणजे टोचे मारून तो परत खडबडीत करून द्यायची, त्यानंतरच्या पहिल्या दळणाची भाकरी दाताखाली कचकचायची.

मग इंजिनं आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 ला किर्लोस्करवाडी वसवली, तिथे लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं बनायची, आणि 1946 ला पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. देशी बनावटीचं डिझेल इंजिन मिळायला लागलं म्हणजे वीज नसलेल्या गावातही विहिरीचं पाणी उपसता यायला लागलं आणि पट्टा लावून गिरणीही चालवता यायला लागली. त्या गिरणीच्या आत दगडच असतात बरं का, त्यांनाही टाकी लावावी लागते, फक्त फिरवणारा हात गेला. डबा ठेवायचा, गव्हावर गहू टाका म्हणून सांगायचं, आणि सकाळभराचं काम काही मिनिटांत.

आता यात काय गेलं हे लोक लगेच सांगतात, की दळताना जात्यावर म्हणायच्या ओव्या गेल्या. खरंय. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, त्यात माहेर, भाऊ, विठ्ठल, सासरचा जाच, सीता, आंबेडकर सगळं आहे, आणि आपल्याकडचं इतकं मोठं साहित्य दुसरं कुणी न लिहिता-वाचता रचलं असेल असं मला वाटत नाही. ते जपलंच पाहिजे. पण म्हणून जातं परत यावं असं म्हणणाऱ्याने एकदा पायलीभर ज्वारी स्वतः दळून बघावी. तो जाच होता म्हणूनच त्या गाण्यात इतकं दुखणं आहे, आणि तो गेला याचा मला मनापासून आनंद आहे.

खाण्यात मात्र यंत्राने नुकसानही केलं, आणि ते लवकर कळलं नाही. उखळात मुसळाने भात कांडला की तांदळावर कोंड्याचा थर बराच राहतो. यंत्राने तांदूळ पांढराशुभ्र मिळायला लागला, स्वस्त झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आग्नेय आशियात बेरीबेरी नावाच्या आजाराने माणसं मोठ्या संख्येने मरायला लागली. जावामध्ये आइकमन नावाच्या डच डॉक्टरला दिसलं की दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. त्यातूनच पुढे बी-1 जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि त्यांना 1929 ला नोबेल मिळालं. आपल्या कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ इथे फार शहाणा ठरतो, कारण भात सालीसकट उकडला की बी-1 दाण्याच्या आत मुरतं आणि नंतर यंत्रात पॉलिश केला तरी बरंचसं टिकतं.

गव्हाचंही तसंच. हंगेरीतल्या बुडापेस्ट आणि अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या मोठ्या गिरण्यांनी दगडाऐवजी लोखंडी रूळ वापरले, त्यामुळे कोंडा आणि अंकुर वेगळे करता आले. अंकुरातलं तेल निघून गेल्यामुळे पीठ लवकर खवट होत नाही, म्हणून ते महिनोन्‌महिने ठेवता येतं, जहाजाने पाठवता येतं. पाव आणि चहाबरोबरचं बिस्कीट घरोघर पोचलं ते या टिकणाऱ्या मैद्यामुळे.

एक गोष्ट मात्र कुठल्या धड्यात सापडत नाही. दळण हे हजारो वर्षं बायकांचं काम होतं आणि घरच्या दळणाचा एक पैसा मिळत नव्हता. ज्या दिवशी त्याला इंजिन लागलं आणि किलोमागे दर ठरला, त्या दिवसापासून तो पुरुषाचा धंदा झाला, गावोगाव गिरणीवालाच दिसतो. शिवणकाम, लोणची-पापड, कपडे धुणं, इथेही बघा, घरात असेपर्यंत बाईचं आणि यंत्र आणि गल्ला आला की बऱ्याचदा मालक पुरुष. चांगलं झालं की वाईट, याचं माझं उत्तर इथे अडतं, कारण कष्ट वाचले ते तिचे पण कमाई तिच्याकडे आली नाही. आता जिल्हा परिषदांच्या महिला-बालकल्याण विभागाकडून बायकांना अनुदानावर पिठाची गिरणी मिळते, बचत गटातल्या कितीतरी जणी ती चालवतात, जोडीला मिरची-मसाल्याचं कांडपही घेतात. तुमच्या गावात अशी गिरणी असेल तर दळण तिथेच टाका.