बहिणीला समजवायचं कसं, असं विचारणाऱ्या भावाला

पत्र थोडं आटोपशीर करून देते:

"मावशी, मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, वय ३६. धाकटी बहीण २९ ची आहे. सहा वर्षांपूर्वी गाडीवरनं पडली, मणक्याला मार लागला, कमरेखाली जाणीव नाही, व्हीलचेअरवर असते. घरात बसूनच एका टॅक्स कन्सल्टंटकडचं जीएसटी रिटर्नचं काम करते, महिन्याला १८ हजार मिळवते. आम्ही तिला काही म्हणून कमी केलेलं नाही. आंघोळ आई घालते, बाहेर जायचं असलं की मी उचलून उंबऱ्याबाहेर काढतो. गेल्या वर्षी बाबांचं घर माझ्या नावावर करताना तिनं हक्कसोडपत्रावर सही दिली, कारण तिला आयुष्यभर सांभाळणार मीच हे ठरलेलं होतं. आता म्हणते मैत्रिणीबरोबर राजारामपुरीत फ्लॅट भाड्यानं घेऊन राहणार. मैत्रीणही व्हीलचेअरवरच. आई रडून अर्धी झालीय. पेठेतले लोक म्हणणार, सही घेतली आणि पोरीला बाहेर काढलं. तिला कसं समजवू?"

बाळा, तुझ्या पत्रात आईचं रडणं आहे, पेठेचं तोंड आहे, तुझी काळजीपण आहे आणि ती खरी आहे. पण तिला हे का करायचंय ते एका ओळीतसुद्धा नाही. विचारलंस का रे तिला? का डायरेक्ट समजवायलाच बसलास?

तुझ्या पत्रात ते उचलण्याचं वाक्य आहे ना, मी तिथंच अडकले. तू मायेनंच उचलत असणार, त्यात शंका नाही. पण तू सकाळी कामावर गेलास आणि तिला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं असलं तर? तिथं बाईमाणसाला लागणारं काहीबाही घ्यायचं असतं, ते भावाला सांगायचं नसतं. किंवा काहीच काम नाही, नुसतं संध्याकाळी जरा वारं खाऊन यावं वाटलं तर? २९ वर्षांची मिळवती बाई, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जायला भाऊ घरी यायची वाट बघत बसते. तुमचा उंबरा अर्धा फूट धरू. रॅम्पचा हिशेब सोपा असतो, एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे सहा फुटांचा उतार, गवंड्याचं दोन दिवसांचं काम. सहा वर्षांत ते कुणाला सुचलं नाही कारण उचलायला तू होतास. काही कमी केलं नाही म्हणतोस ते बरोबर आहे, पण सगळं तुमच्या टायमानं.

लोकांना वाटतं स्वतंत्र राहणं म्हणजे सगळं आपल्या हातानं करणं, आणि मग म्हणतात हिला तर आंघोळीला माणूस लागतं, ही कसली स्वतंत्र राहतीय. अमेरिकेत एड रॉबर्ट्स म्हणून एक होता, लहानपणी पोलिओ झाला, मानेखाली जवळजवळ काहीच हलत नव्हतं, झोपताना श्वास चालू ठेवायला लोखंडी फुफ्फुस म्हणतात तसलं अवजड मशीन लागायचं. १९६२ ला बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत शिकायला गेला तर ते मशीन कुठल्या हॉस्टेलमध्ये मावेना, म्हणून कॅम्पसवरच्या हॉस्पिटलात खोली दिली. त्याच्यामागनं त्याच्यासारखी आणखी पोरं आली, आणि १९७२ ला या लोकांनी स्वतःचं सेंटर काढलं, अपंगांनीच चालवलेलं. तिथं काय मिळायचं? मदतनिसांची यादी, खुर्ची आत जाईल अशी घरं शोधून देणं, बिघडलेल्या व्हीलचेअरची दुरुस्ती, आणि आधीच यातनं गेलेल्या माणसाशी बोलणं. दयेबियेचं काही नाही. त्याचं म्हणणं असं की शर्ट मला दुसऱ्या कुणी घातला तरी चालेल, कुठला घालायचा आणि किती वाजता ते मी ठरवणार. आणि गंमत बघ, ज्या सरकारी खात्यानं 'हा काही नोकरी करू शकणार नाही' म्हणून त्याला मदत नाकारली होती, त्याच खात्याचा तो १९७५ ला डायरेक्टर झाला.

अमेरिका लांब वाटत असली तर उचगावला जा. नसीमादीदी हुरजूक ऐन सोळा-सतरा वयात कमरेखाली अधू झाल्या, आणि त्यांनीच कोल्हापुरात १९८४ ला 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. तिथलं 'घरौंदा' हॉस्टेल आईला एकदा दाखवून आण. व्हीलचेअरवरची पोरंपोरी आपापलं आवरतात ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, माझ्या शंभर ओळींनी होणार नाही ते तिथं अर्ध्या तासात होईल. आणि तिथल्या मोठ्या मुलींशी तुझ्या बहिणीला एकटीला बोलू दे, तू आणि आई बाहेर चहा प्या.

आता कायदा. २०१६ चा अपंग हक्क कायदा आहे, त्यात सरळ लिहिलंय की अपंग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, त्याला अमुकच ठिकाणी राहा म्हणून भाग पाडलं जाऊ नये यासाठी सरकारनं बघायचं, आणि घरात मदतनीस मिळण्यासारख्या सोयीपण द्यायच्या. घरचे राजी असले तर, असं काही त्यात लिहिलेलं नाही. तू गार्डियन नाहीस तिचा. मणक्याला मार लागलाय, डोक्याला नाही. तेव्हा परवानगी द्यायची का नाही हा विषयच तुझ्याकडं नाही, मदत करायची का नाही एवढाच आहे.

मदत करायची तर खऱ्या भीतीच्या गोष्टी कुठल्या ते तरी नीट कळू दे. लोक काय म्हणतील ही नव्हे. कमरेखाली जाणीव नाही म्हणजे एका जागी बसून बसून जखम झाली तरी तिला कळत नाही, आणि ती जखम आतनं खोल जाते, महिनोन्महिने पालथं झोपवते. म्हणून चांगली गादी खुर्चीवर पाहिजे, साधा स्पंज नको. दर वीस मिनिटं-अर्ध्या तासानं हातावर जोर देऊन अंग उचलायची सवय पाहिजे, रोज रात्री आरसा धरून मागची कातडी बघायची. लघवीच्या कॅथेटरची स्वच्छता. अंगावर पाणी घ्यायच्या आधी हातानं बघायचं, पाय भाजला तरी समजत नाही. हे सगळं आत्ता कोण बघतं? आईच बघत असणार. मग तिनं वेगळं राहायच्या आधी हे सगळं शिकून घ्यायचं, आणि ते शिकणं वेगळं राहिली नाही तरी लागणारच आहे, आई काय जन्माला पुरणार आहे का? कडू लागेल, पण आईच्या रडण्यातलं निम्मं दुखणं तेच असणार की माझ्यामागं हिचं काय. त्याला उत्तर हेच आहे की आई धडधाकट असताना, हाकेच्या अंतरावर असताना पोरगीनं राहून बघावं.

पैशाचं आता. रागावू नकोस. हक्कसोडपत्राचं तू असं लिहिलंस की जसं काही ते सांभाळण्याचं ॲडव्हान्स भाडं होतं. वडिलांच्या घरात तिचा हिस्सा तुझ्याएवढाच होता, आणि तो तिनं सोडला. मग सांभाळायचं म्हणजे आपल्याच छपराखाली ठेवायचं असा अर्थ कुणी काढला? फ्लॅटचं डिपॉझिट तू भर, बाथरूमचं दार मोठं करायचा खर्च तू कर, आणि ते उपकार म्हणून नको, तिच्या हिश्श्यातलंच समज. जमत असलं तर तिचा हिस्सा कागदावर परत कसा देता येईल ते वकिलाला विचार. वकील परवडत नाही म्हणू नकोस, अपंग माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं फुकट कायदेशीर मदत मिळते, कसबा बावड्याला कोर्टात जाऊन ती स्वतः विचारू शकते. पेठेतल्या लोकांचं तोंड बंद करायला यापेक्षा जालीम औषध मला तरी ठाऊक नाही.

मदतनीस बाई ठेवाल तेव्हा पगार बहिणीच्या हातनं जाऊ दे. तू दिलास की ती बाई तुझं ऐकणार, काय खाल्लं कोण आलं सगळं तुला फोनवर सांगणार. दोघींनी मिळून ठेवली तर खर्चपण अर्धा, १८ हजारांत भाडं आणि बाई एकटीला जड जाईल, दोघींत जमून जातं. महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यातनं काय मिळतं ते विचारायला दोघींनी जावं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, घेऊन. कार्ड अजून नसलं तर ऑनलाइन अर्ज आणि सीपीआर या सरकारी दवाखान्यात तपासणी. आणि ऑफिसच्या दारात पायऱ्याच पायऱ्या असल्या तर खाली थांबून साहेबाला खाली बोलवायचं आणि लेखी अर्ज द्यायचा. जुन्या सरकारी इमारतींना रॅम्पबिम्प करायला कायद्यानं पाच वर्षं दिलेली, नियम झाले २०१७ ला, हिशेब तूच कर. नाहीच ऐकलं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार जाते. तू बरोबर गेलास तर तोंड उघडू नकोस, साहेब लोक व्हीलचेअरवरच्या माणसाला सोडून मागं उभ्या असलेल्याशी बोलतात, ही लई वाईट खोड आहे.

फ्लॅट बघायला मात्र टेप घेऊन जा. दार पूर्ण उघडल्यावर मधली जागा बत्तीस इंच तरी पाहिजे, बिल्डर लोक बाथरूमला हमखास अरुंद दार लावतात. आत खुर्ची वळते का ते खुर्ची नेऊनच बघायचं. लिफ्ट असली तरी लाइट गेल्यावर ती चालते का विचारा. म्हणून तळमजला बरा, पण आपल्याकडं तळमजल्याची दुसरी भानगड आहे, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं कुणाकुणाला घराबाहेर काढलं ते तू बघितलंच असशील. राजारामपुरीत असो नाहीतर दुसरीकडं, शेजारच्या किराणावाल्याला विचार, एकोणीस साली पाणी कुठवर आलं होतं. एजंटला विचारू नकोस.

आणि तुमच्या वाड्याचा तो रॅम्प करून घे. ती सणावाराला, रविवारी तांबडा-पांढरा ओरपायला येणारच आहे, तेव्हा तिचं तिला आत येता आलं पाहिजे.