सातशे पंचावन्न नव्हे, सात-पाच-पाच

प्रश्न असा : लिनक्सवर फाइलची परवानगी (ती कोणी वाचायची, लिहायची, चालवायची ते) ‘सातशे पंचावन्न’ ठेवली होती, बॅकअपच्या टूलने मात्र तिच्यापुढे ४९३ छापलं. परवानगी बदलली का?

नाही. ७५५ अष्टमानात, म्हणजे आठावर मोजण्याच्या पद्धतीत आहे : ७ गुणिले ६४, ५ गुणिले ८, अधिक ५, बेरीज ४९३. जेसनमध्ये (टूल्स माहिती ज्या मांडणीत लिहितात, त्यातली एक) अष्टमान संख्या लिहिण्याची सोय नाही, म्हणून बरीच टूल्स दशमान आकडा देतात. कधी ३३२६१ दिसेल. त्यात ‘ही साधी फाइल’ असं सांगणारे ३२७६८ मिळवलेले असतात.

पण ‘सातशे’ म्हणणं आधी थांबवा! जिकडेतिकडे तेच कानी पडतं. ‘शे’ म्हणजे शत, आणि शताचं मूळ भाषाशास्त्रज्ञ दशाच्याच मुळाशी नेऊन जोडतात. म्हणजे ‘सातशे’ म्हणताक्षणी दहा आलेच. इथे सातच्या स्थानाची किंमत शंभर नसून ६४ आहे. सात-पाच-पाच म्हणा : पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकीच्यांचा; आणि प्रत्येक अंक म्हणजे वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ यांतल्या दिलेल्यांची बेरीज.

आठावर मोजणं आपल्याला परकं वाटतं, तेही उगाच. संस्कृतातला ‘अष्टौ’ पाहा. रूप चक्क द्विवचनी! एक ते दहांत हा ‘औ’ आणखी फक्त ‘द्वौ’ला आहे, आणि तिथे तो हवाच. मग आठाला कशासाठी? माझं ठाम मत : अंगठा वगळून एका हाताची चार बोटं, दोन्ही हातांची दोन चौकडी, म्हणून अष्टौ. तिथे मोजणी संपते आणि पुढचा आकडा येतो ‘नव’, म्हणजे नवा! लॅटिनमध्येही नऊ ‘नोव्हेम’ आणि नवा ‘नोव्हुस’. काही जाणकार नऊ आणि नवा यांचं साम्य योगायोग म्हणून झटकतात. झटका, पण ‘अष्टौ’च्या द्विवचनाचा उलगडा आधी करा. ‘जुनं रूप आहे’ हा उलगडा नव्हे. जुनं आहे म्हणूनच तर विचारतोय.

हां, टूलने छापलेला आकडा उचलून तसाच सीएचमॉडला, म्हणजे परवानगी बदलणाऱ्या कमांडला, देऊ नका; ती आकडा अष्टमानातलाच समजते. ४९३ दिलेत तर ती नाकारेल, कारण अष्टमानात ९ हा अंकच नाही. पण ६४४ चा दशमान आकडा ४२० येतो, आणि तो निमूट स्वीकारला जातो. मग मालकाला फक्त वाचता येतं, गटाला फक्त लिहिता येतं आणि बाकीच्यांना काहीच नाही. आठाने भागत जा, बाकी शेवटून वाचा, आणि मगच आकडा टाइप करा.